चकचकीत पट्ट्यांचा निकाल

परीक्षकांनी टेबलावरची तांब्याची एक पट्टी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. ती आरशासारखी चमकत होती.

"ही कुठली?"

"नाल्याकाठची सर. आमच्या वाड्यातली," प्रणाली म्हणाली.

"आणि ही मळकट, तपकिरी?"

"ती बदलापूरची. ताईंच्या सोसायटीतली."

"वा! म्हणजे नाल्याची हवा शुद्ध आणि बदलापूरची खराब. मग काय, सगळ्यांनी नाल्यावरच राहायला जावं की!"

हॉलमधली माणसं हसली. शेजारच्या टेबलावरचे पालक जरा जास्तच मोठ्याने हसले. प्रणालीने माझ्याकडे बघितलं. मी दोरीच्या पलीकडे उभी होते, कारण मार्गदर्शकाने टेबलाजवळ यायचं नाही असा नियम होता. नाल्याकाठच्या पट्ट्या मीही त्याच क्षणी पहिल्यांदा बघत होते. सगळ्या लखलखीत. एकीवरही काळा डाग नाही.

मी विज्ञानप्रसार करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला आहे. अंबरनाथला ऑफिस, राहायला बदलापूर, काम उल्हासनगरच्या कॅम्पांमध्ये, म्हणजे फाळणीनंतर वसलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये. पदाचं नाव 'प्रकल्प मार्गदर्शक'. त्याआधी कॉलेजात असताना मी चळवळीची पत्रकं लिहायचे. पत्रक लिहिणाऱ्याला एक सवय लागते. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसऱ्या ओळीत मागणी. पुरावा नसेल तर पत्रक भिंतीला चिकटतं, माणसाला चिकटत नाही. म्हणून मला ही नोकरी आवडली. इथे पुरावा तयार करायला शिकवायचं होतं, आणि तोही ज्यांना कुणी काही शिकवत नाही अशा मुलांना.

शाळा नगरपालिकेची. मराठी माध्यम, सातवीपर्यंत. कॅम्प पाचच्या टोकाला, नाल्याच्या कडेला. हा नाला म्हणजे खरं तर नदी आहे. कागदावर नदी, बोलण्यात नाला. वरच्या अंगाला जीन्स रंगवण्याचे आणि धुण्याचे कारखाने. सोमवारी पाणी निळं, मंगळवारी काळं. रंगात गंधकाची रसायनं असतात. त्यात कुणीतरी ॲसिड सोडतं, घरांचं सांडपाणी मिसळतं, आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. तो वास म्हणजे एक वायू आहे. तो तांब्या-पितळेला लागला की ते काळं पडतं. नाल्याकाठी टीव्ही लवकर बिघडतात. मेकॅनिक म्हणतो, आतल्या तारा काळ्या झाल्या. मुलांची डोकी दुखतात, त्यावर डॉक्टर म्हणतो, चष्मा लावा.

हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकवायला गेले होते. पण प्रकल्प निघाला तो सातवीतल्या प्रणालीच्या प्रश्नातून.

"ताई, पौर्णिमेच्या आधी आम्ही विहारातली भांडी घासतो. समया, तांबे, सगळं. तिसऱ्या दिवशी परत काळं. माझी मावशी वांगणीला राहते. तिचा तांब्या महिनाभर तसाच चकाचक. आमचाच का काळा पडतो?"

तिची मैत्रीण रेश्मा म्हणाली, "तुझी मावशी कामसू आहे, तुझी आई आळशी आहे."

"तुझी आई आळशी!"

भांडण सोडवता सोडवता मला कळलं की प्रकल्प समोर बसलाय. कारखान्यात हवा धातूला किती खाते ते बघायला एक साधी पद्धत वापरतात. धातूची पट्टी टांगून ठेवायची आणि ठरावीक काळाने तिचं काय झालं ते बघायचं. बस. विजेचं बटण नाही, मोटार नाही, थर्मोकोल नाही. आम्ही एकाच पत्र्यातून पट्ट्या कापून घेतल्या. सगळ्यांचं वजन सारखं हवं होतं. मग कॅम्पातल्या एका सिंधी सोनाराकडे गेलो. आधी तो वैतागला.

"साईं, ये सोने का काटा है, ताँबे का नहीं. लोग देखेंगे तो क्या बोलेंगे, सेठ का दिवाला निकल गया?"

पण चौघी पोरी कानस घेऊन त्याच्या पायरीवर बसल्या, जड पट्टीची कड घासायच्या, परत काट्यावर ठेवायच्या. शेवटी तोच वाकून सांगायला लागला, "अभी थोड़ा, बेटा. बस बस बस!" सगळ्या पट्ट्या एका वजनाच्या झाल्या. अर्ध्या नाल्याकाठच्या घरांत टांगल्या. अर्ध्या बदलापूरला माझ्या सोसायटीतल्या बाल्कन्यांत. दुसऱ्या अर्ध्याला आम्ही 'कंट्रोल' म्हणतो. म्हणजे तुलनेसाठीचा नमुना. नुसतं 'इथे काळं पडतं' म्हणून चालत नाही. 'इथे पडतं, तिथे पडत नाही' असं दाखवावं लागतं.

दिवाळीनंतर टांगलेल्या पट्ट्या थेट प्रदर्शनाच्या सकाळी पोरींनी गोळा केल्या. बदलापूरच्या मी पिशवीत घालून दिल्या होत्या. नाल्याकाठच्या त्यांनी आपापल्या घरून आणल्या. आणि त्या अशा निघाल्या.

नुसतं हसं झालं असतं तर मी ते गिळलं असतं. पण प्रदर्शन ज्या हायस्कूलमध्ये होतं त्या ट्रस्टच्या चेअरमन साहेबांनी सकाळी उद्घाटनाच्या भाषणात एक घोषणा केली होती. नगरपालिकेच्या शाळेतला जो प्रकल्प जिल्ह्याला जाईल, त्या मुलांना आठवीला आमच्या शाळेत डोनेशनशिवाय प्रवेश. टाळ्या पडल्या. फोटो निघाले. प्रणालीची शाळा सातवीला संपत होती. जवळचं मराठी हायस्कूल हेच. इथे जागा मिळाली नाही तर तिने काय करायचं ते घरात आधीच ठरलं होतं. आत्याबरोबर घरी बसून जीन्सचे धागे कापायचे. शिवून आलेल्या पँटला लोंबणारे धागे असतात, ते कापायचं काम कॅम्पातल्या घराघरांत पोरी करतात. त्याच जीन्स, ज्यांचा रंग दारातून वाहतो.

म्हणून त्या दिवशी टेबलावर तांब्याची पट्टी नव्हती. प्रणालीची आठवी होती.

शेजारच्या टेबलावर एका इंग्रजी शाळेचा 'पावसाचं पाणी साठवा' प्रकल्प होता. छप्पर, नळ्या, टाकी, लुकलुकणारे दिवे. असे प्रकल्प बाजारात तयार मिळतात, फक्त आपल्या शाळेचं नाव चिकटवायचं. परीक्षकांनी त्या मुलाला विचारलं, "पाणी वर कसं चढतं?"

"सर, अंकलने बोला है, लाल बटन दबाने का."

"छान," परीक्षक म्हणाले आणि पुढे गेले.

त्याला छान. आमच्या पोरींना नाल्यावर राहायला जा. राग कशाचा येतो ते सांगायला पत्रक लिहावं लागत नाही.

दुपारी मी पोरींबरोबर वाड्यात गेले. प्रणालीची आई शोभाताई दारातच भेटली. चेहरा उजळलेला.

"जय भीम ताई! मग? पट्ट्या बघून काय म्हणाले साहेब लोक?"

प्रणालीने दप्तर फेकलं. "आई, तू पट्टी घासलीस?"

"मग? घासणार नाही? रोज बघत होते. जरा काळी पडली की चिंच लावायची, राख लावायची. सगळ्याच बायकांनी घासल्या. विचार ना रेश्माच्या आईला."

"कशाला पण? काळीच पाहिजे होती ना!"

शोभाताई माझ्याकडे वळल्या. आवाज चढला होता. "ताई, हिनंच सांगितलं, परीक्षक कधीपण घरी बघायला येतील, सांगून येणार नाहीत. पट्टीवर माझ्या घराचा नंबर. काळी पट्टी बघून ते काय म्हणणार? हवा घाण आहे म्हणणार? नाही. ही बाई घाण आहे म्हणणार. मागे मलेरियावाले आले. नाला त्यांना दिसला नाही. माझी मोरी दिसली. 'तुम लोग साफसफाई रखते नहीं.' तुम लोग! आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या घाण म्हणत आले. मी माझ्या भिंतीवर काळं टांगून ठेवू?"

नाल्यात रंग सोडणाऱ्याला कुणी घाण म्हणत नाही. त्याला उद्योजक म्हणतात. आणि ज्या बाईच्या दारातून तो रंग वाहतो ती रोज चिंच घेऊन आपली अब्रू घासत बसते.

प्रणाली रडत होती. "माझी आठवी गेली. तुझ्यामुळे गेली."

"माझ्यामुळे? मी काय वाईट केलं गं? घर स्वच्छ ठेवलं हे वाईट?"

रेश्मा मधेच म्हणाली, "काकी, आता सगळे म्हणतील नाल्यावर हवा मस्त आहे. इथे हॉटेल काढू."

हसू कुणाला आलं नाही. मी बाहेर पीसीओवर जाऊन ऑफिसला फोन लावला. आमचे समन्वयक मोहिते सर.

"सर, बायकांनी पट्ट्या घासल्या. रीडिंग गेलं."

"मग प्रकल्प मागे घे. प्रकृती अस्वास्थ्य लिही."

"कुणाची प्रकृती?"

"कुणाचीही. हे बघ, चेअरमन आपल्याला दरवर्षी हॉल देतात. त्यांचाही जीन्स वॉशचा कारखाना आहे हे तुला माहीत नाही का? उगाच अंगावर घेऊ नकोस. तू पत्रकं काढायचीस ते वेगळं. इथे आपण विज्ञान करतो."

"म्हणजे काय करतो सर?"

"म्हणजे शांतपणे करतो."

मी फोन ठेवला. आमच्या तीन गावांत शाळेचा ट्रस्टी आणि कारखानदार ही दोन वेगळी माणसं शोधून दाखवा, मी बक्षीस देईन. हॉल त्यांचा, ट्रॉफी त्यांची, नाल्यातला रंगही त्यांच्यासारख्यांचाच. आणि विज्ञान शांतपणे करायचं ते आम्ही.

परत आले तर प्रणालीचं रडणं थांबलं होतं. ती मोरीत उकिडवी बसली होती. समोर आईने सकाळी वापरलेली चिंचेच्या पाण्याची वाटी.

"आई, घासलं की हे पाणी हिरवं-काळं का होतं?"

"मळ निघतो."

"कसला मळ? पट्टी भिंतीवर होती. तिला कोण हात लावत होतं? धूळ असती तर फडक्याने गेली असती." ती पाण्याकडे बघत राहिली. "हा मळ नाही. हे तांबंच आहे. हवेने तांब्याचं काळं केलं आणि तू काळं धुऊन टाकलंस. परत नवीन तांबं काळं झालं, परत धुतलंस. म्हणजे पट्टी कमी झाली असणार. ताई, झाली असणार ना? आपण सगळ्या सारख्या वजनाच्या केल्या होत्या!"

मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. कारखान्यात पट्टी तपासतात तेव्हा शेवटी नेमकं हेच करतात. काळा थर घासून काढतात आणि पट्टी किती हलकी झाली ते बघतात. काळेपणा डोळ्याला दिसतो, पण वजन वाद घालू देत नाही. बायकांनी रीडिंग घालवलं नव्हतं. रीडिंग चिंचेच्या पाण्याबरोबर मोरीत गेलं होतं, आणि जितकं गेलं तितकी पट्टी हलकी झाली होती. फक्त तोलायचं बाकी होतं.

सोनाराचं दुकान बंद. बाजाराची सुट्टी. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल. नाजूक काटा दुसरीकडे कुठे असणार? प्रदर्शन होतं त्याच हायस्कूलच्या प्रयोगशाळेत. काचेच्या पेटीतला, दोन पारड्यांचा.

"तो आपल्याला देतील?" रेश्माने विचारलं.

"मागायला काय जातंय," शोभाताई म्हणाल्या. "आम्ही पण येतो. घासणाऱ्या आम्ही, मग साक्षीला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातल्या बायका धुतलेल्या, इस्त्रीच्या साड्या नेसून हायस्कूलच्या गेटवर उभ्या. हातात पिशव्या. पिशव्यांत चिंच आणि राख. वॉचमन आडवा आला.

"बचत गट का? आज प्रदर्शन आहे. नंतर या."

"पालक आहोत," शोभाताई म्हणाल्या. "कालपासून पालकांना प्रवेश आहे. बोर्ड वाच."

परीक्षक म्हणजे त्याच शाळेतले विज्ञानाचे चौधरी सर. माणूस वाईट नव्हता. मतदार याद्या, जनगणना, पोलिओ, सगळं त्यांच्या अंगावर होतं. फक्त विज्ञान उरलं नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आता काय?"

"सर, तुमचा काटा पाहिजे," प्रणाली म्हणाली. "नाल्यावरची पट्टी एका पारड्यात, बदलापूरची दुसऱ्यात. सगळ्या सारख्या वजनाच्या होत्या. आता सारख्या आहेत का ते बघायचं."

"काटा फक्त दहावीच्या मुलांना मिळतो, बाळ."

"दहावीच्या मुलांनी कधी वापरला सर?"

मला वाटलं आता ओरडतात. पण सर हसले. जरा खजील झाल्यासारखे. "बोर्डाच्या परीक्षेला काढतो. तेव्हाही मीच तोलून दाखवतो." मग त्यांनी प्रणालीकडे नीट बघितलं. "पारड्याला पारडं लावणार म्हणजे वजनं पण लागणार नाहीत. डोकं कुणाचं? ताईंचं?"

"माझं."

सरांनी खिशातून किल्ली काढली.

प्रयोगशाळेच्या खिडक्या बंद होत्या. मागच्या भिंतीला लागून तोच नाला, त्यामुळे त्या कायमच्या बंद. आत तोच वास. सरांनी कपाटाचं कुलूप काढलं, काचेची पेटी बाहेर घेतली, सवयीने पितळी वजनांचा लाकडी डबा उघडला आणि थांबले.

वजनं काळी होती. सगळीच्या सगळी. पितळी पारडी काळपट, दांडीवर हिरवट डाग.

"मागच्या वर्षी नवीन घेतला हा," सर म्हणाले. कुणाला सांगत होते कोण जाणे.

शोभाताई पुढे झाल्या. डबा बघितला. "सर, हे कुलपात होतं?"

"हो."

"कुणी हात लावत नव्हतं?"

"नाही."

"मग एवढं घाण कुणी केलं?"

सरांनी एक वजन उचलून उजेडाकडे धरलं. आम्ही दिवाळीपासून जे सिद्ध करायला धडपडत होतो ते ट्रस्टच्या स्वतःच्या कपाटात, कुलपाआड, कुणी न घासता तयार बसलं होतं.

काटा तरी चालत होता. सरांनी नाल्यावरची चकचकीत पट्टी एका पारड्यात ठेवली, बदलापूरची मळकट दुसऱ्यात. हळूच खटका फिरवला. चकचकीत पट्टीचं पारडं वर गेलं. दुसरी जोडी लावली, तेच. तिसरी, तेच. सर चष्मा पुसून परत बघू लागले.

"थांबा," ते म्हणाले. "घासल्यामुळेच झीज झाली असेल. हवेचा काय संबंध?"

मला आनंद झाला. कालपासून त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

"म्हणून तर आया आल्यात," प्रणाली म्हणाली. "बदलापूरची एक पट्टी घ्या. त्यांना घासू द्या, घरी घासतात तशी. परत परत. मग तोला."

प्रयोगशाळेच्या नळाखाली बायकांनी चिंच भिजवली. शोभाताईंनी पट्टी घासली, धुतली, पुसली, परत घासली. मग रेश्माच्या आईने. मग बाकीच्यांनी. हसत, एकमेकींना टोमणे मारत. "जोर लाव गं, नवऱ्याचा डबा समज!" एवढ्यात दारात चेअरमन साहेब उभे. निकालासाठी आले होते. मागे दोन-चार माणसं.

"चौधरी, हे काय चाललंय? लॅब आहे की मोरी?"

"सर, प्रयोग चाललाय," चौधरी सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक होता, पण म्हणाले.

पट्टी पुसून पारड्यात ठेवली. समोर बदलापूरचीच न घासलेली. काटा जेमतेम हलला. मग समोर नाल्यावरची ठेवली. ती अजूनही स्पष्ट हलकी.

"घासल्याने थोडं जातं," प्रणाली म्हणाली. "ते वजा करा. बाकीचं हवेनं खाल्लं."

चेअरमन साहेबांनी घड्याळात बघितलं. "छान, छान. लहान मुलांनी असं करत राहावं. चला, पाहुणे खोळंबलेत."

निकाल जाहीर झाला. पहिला नंबर, पावसाचं पाणी साठवा. जिल्ह्याला तोच जाणार. आमच्या पोरींना उत्तेजनार्थ. प्रमाणपत्र वाचून दाखवलं गेलं: 'स्वच्छतेचा संदेश देणाऱ्या उपक्रमाबद्दल.'

स्वच्छतेचा संदेश! ज्यांना स्वच्छतेचा संदेश द्यायला हवा होता ते स्टेजवर बसून प्रमाणपत्रं वाटत होते. चौधरी सरांनी नंतर मला सांगितलं की गुणपत्रक आदल्या संध्याकाळीच ऑफिसात गेलं होतं. सजावटीला वेगळे गुण होते. पट्टीला सजावट काय करणार?

पोरी प्रमाणपत्र घेऊन खाली उतरत होत्या तेव्हा शोभाताई पालकांच्या रांगेतून उठल्या. माइक नव्हता. गरजही नव्हती.

"साहेब, एक विचारू? तुमच्या कपाटातला काटा काळा पडलाय. वर्षभरात. तो आमच्या वाड्यातल्या बायकांनी घाण केला का?"

"ताई, तुम्ही बसून घ्या."

"बसते. पण तुमची पोरं तिथंच शिकतात. ती पण तेच नाकात घेतात. आमच्या पोरींनी ते तोलून दाखवलं. त्यांना आठवीला जागा नाही, आणि लाल बटन दाबणाऱ्याला नंबर?"

पहिल्या रांगेतले काही पालक मागे वळून बघायला लागले. एकीने शेजारणीला विचारलं, "खिडक्या बंद का ठेवतात गं इथे?" चेअरमन साहेबांनी राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं.

मी ऑफिसात गेल्यावर मोहिते सरांनी मला शांतपणे विज्ञान करण्याविषयी आणखी एकदा समजावलं. मी ऐकून घेतलं आणि पत्रक लिहिलं. पहिल्या ओळीत काळा काटा, दुसऱ्या ओळीत हलकी पट्टी, तिसऱ्या ओळीत आठवीची जागा. सोनाराने ते दुकानाच्या काचेवर आतून चिकटवलं. "साईं, काटे की बात है, अपने धंधे की बात है," म्हणाला.

जूनमध्ये प्रणालीला आठवीला प्रवेश मिळाला. चौघींनाही मिळाला. डोनेशन नाही. तुम्हाला वाटेल पुराव्याचा विजय झाला. मलाही वाटलं होतं. चौधरी सरांनी खरं सांगितलं.

"पत्रकामुळे नाही हो. मराठीची तुकडी तुटत होती. पट भरला नाही तर तुकडी बंद, तुकडी बंद झाली की शिक्षक सरप्लस. आम्हीच घरोघर फिरत होतो पोरं शोधत. चेअरमन म्हणाले, त्या नाल्यावरच्या चौघींना घ्या, फोटो पण होईल."

फोटो झाला. 'वचनपूर्ती' असं वर लिहिलं होतं. ज्या जागा रिकाम्या होत्या, ज्या भरल्या नाहीत तर त्यांच्याच शिक्षकांची नोकरी जाणार होती, त्या जागांसाठी एका मुलीला सातवी संपल्यापासून मे अखेरपर्यंत धागे कापायला लावलं होतं. रिकामी जागासुद्धा आमच्या पोरींना बक्षीस म्हणून द्यायची, हक्क म्हणून नाही.

पहिल्या महिन्यातच प्रयोगशाळेच्या शिपायाने चौघींना बोलावलं. वजनांचा डबा पुढे केला. "तुम्हाला येतं ना घासायला? चकचकीत करून द्या. तपासणीला साहेब येणार आहेत."

प्रणाली म्हणाली, "नाही घासणार. काळं राहू द्या. साहेबांना बघू दे."

शिपायाने चौधरी सरांकडे तक्रार नेली. सर म्हणाले, "राहू दे तसंच. मी सांगतो काय सांगायचं ते." त्यांनी साहेबांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. नाला अजून वाहतो आहे, आणि प्रयोगशाळेच्या खिडक्या अजून बंद आहेत. पण प्रणाली आठवीत आहे, आणि काट्याची किल्ली मागायला तिला आता आई लागत नाही.

कामाचा धडा एवढाच. आता आम्ही पट्टी टांगताना घरच्या बाईला पहिलं सांगतो, ही काळी पडली तर ती तुमची घाण नाही. आणि बघायला कुणी येणार हे कुणालाच सांगत नाही. पाहुणे येणार म्हटलं की माणूस घासतोच. नाल्याचा नमुना घ्यायला येणारे अधिकारी कारखान्यांना आधी फोन करून येतात का, ते मात्र तुम्ही त्यांनाच विचारा.